मृताची शेवटची साक्ष

शवविच्छेदन म्हटले की आपल्या अंगावर काटा येतो आणि 'देहाची विटंबना' हे शब्द सहज ओठांवर येतात. काही वर्षांपूर्वी ते माझ्याही ओठांवर आले होते.

सुट्टीत मी मामांकडे मंडीदीपला गेलो होतो. भोपाळपासून वीस-बावीस किलोमीटरवरचे हे कारखान्यांचे गाव. शेजारच्या चाळीतील एक तरुण मजूर मैल्याच्या टाकीत उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. ठेकेदार म्हणाला, आधी हृदय बंद पडले आणि मग तो पडला. घरची माणसे रडत म्हणत होती, चिरफाड नको. मीही तेच म्हणालो. मामा मात्र म्हणाले, "अरे, त्याला आता बोलता येत नाही. त्याच्या बाजूने बोलणारा तेवढा एक कागद राहील."

अहवाल आला. श्वासनलिकेच्या पार आतल्या फांद्यांपर्यंत गाळ गेला होता. हृदय आधीच थांबलेला माणूस गाळ आत ओढून घेत नाही. तो पडला तेव्हा श्वास घेत होता!

'गुदमरून मृत्यू' हे न्यायवैद्यकात उत्तर नव्हे, तो प्रश्न आहे. निळसर नखे, डोळ्यांतील रक्ताचे बारीक ठिपके या खुणा इतर मृत्यूंतही आढळतात. म्हणून डॉक्टर पुढे शोधतो. गळफासाचा वळ बहुधा उंच व तिरका असतो, आवळलेल्या गळ्याचा आडवा. बंद खोलीत शेगडीच्या विषारी वायूने मेलेल्याचे रक्त लालभडक दिसते. जागेचा पंचनामा आणि रक्ताची रासायनिक तपासणी यांची जोड मिळाली तरच निदान पक्के होते.

मामांचा हा आग्रह भोपाळातून आलेला होता. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले, तेव्हा ते त्याच शहरात होते. गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे न्यायवैद्यक विभागप्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांनी शवविच्छेदने केली. फुप्फुसे पाण्याने जड झालेली, रक्त मात्र निळसर नव्हे, लालभडक! सायनाइडसारखे विष शरीरात असावे आणि जगलेल्यांना सोडियम थायोसल्फेट द्यावे, असे त्यांचे मत पडले. इतर डॉक्टरांनी त्याला विरोध केला. 1985 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या चाचणीत या औषधाचा उपयोग दिसला. तरीही ते सरसकट सर्व पीडितांपर्यंत पोचले नाही. मृतांनी साक्ष दिली, पण ती जिवंतांच्या कामी पुरेशी आली नाही.

म्हणून मला प्रामाणिकपणे वाटते की, विटंबना शवविच्छेदनात नाही. मिळालेले उत्तर फायलीत पडून राहण्यात आहे. मंडीदीपच्या त्या मजुराचा अहवाल इंग्रजीत होता. त्याच्या आईला त्यातली एक ओळही वाचता आली नाही. ती मामांना विचारीत होती, "क्या लिखा है, भैया?" तो अहवाल तिला तिच्या भाषेत मिळायला हवा होता. आपल्याकडेही तो मराठीत, कानडीत मिळायला हवा. मुलगा कशाने गेला, हे सर्वांआधी जाणून घेण्याचा हक्क आईचाच नव्हे काय?