लंघन, शुद्धि आणि एकादशी

चातुर्मास जवळ आला कीं आमच्या घरीं दोन तऱ्हांच्या उपवासांचे बेत सुरू होतात. वडील मंडळींचे पंचांगांतले आणि तरुण मंडळींचे मोबाइलच्या पडद्यावरचे. यंदा धाकट्या सुनेनें तीन दिवसांचें ‘डिटॉक्स’ आरंभिलें. दिवसभर केवळ फळांचा रस आणि रात्रीं एका पुडींतला ‘शुद्धीचा चहा’. चष्मा लावून मीं पुडीवरचा मजकूर वाचला, तों त्यांत मुख्य द्रव्य सोनामुखी ! मीं रागावून म्हटलें, “अग, ही शुद्धि नव्हे, हा रेच आहे !”

ती शांतपणें म्हणाली, “मामंजी, गेल्या आषाढीस आपण मधुमेहाची गोळी घेऊन निर्जळ राहिलां, तें कोणत्या शास्त्रांत बसतें ?”

प्रश्न बिनतोड होता. त्या एकादशीस मीं नित्याप्रमाणें गोळी घेतली, अन्नपाणी वर्ज्य केलें आणि नवीन जालन्यांतून कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यांत आनंदीस्वामींच्या दर्शनास गेलों. घरीं परततांच दरदरून घाम सुटला, हात कांपूं लागले, नातवाचें नांव आठवेना. याच सुनेनें तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून पाजली, म्हणून आज हे चार शब्द लिहितों आहें. गोळी रक्तांतील साखर उतरवीत होती आणि पोटांतून भर पडत नव्हती. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणें, अशी फोड मुलांस जन्मभर सांगणाऱ्या मला एवढें साधें गणित सुचलें नाहीं.

म्हणून आम्ही सासरा-सुनेनें या विषयाचा नीट विचार केला. शरीराची शुद्धि यकृत आणि मूत्रपिंडें अहोरात्र करीतच असतात. निरोगी मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतून दीड-दोन लिटरच मूत्र होतें. हें काम कोणताही चहा करूं शकत नाहीं. सोनामुखीनें जातें तें पाणी आणि क्षार. पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन घटतें तेंही बहुतांशीं पाण्याचेंच, आणि जेवूं लागतांच तें परत येतें. रसांत चोथा जवळजवळ नसतो. आपल्या जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तिच्या फोडीच खाव्या, हें बरें.

मग लंघन व्यर्थ काय ? मुळींच नाहीं. चरकाचार्यांनीं लंघनाचे दहा प्रकार सांगितले, त्यांत उपवास हा एक आणि व्यायाम हाही एक. वर्षाऋतूंत अग्नि मंद असतो, हें आयुर्वेदाचें मत. जड, तळलेलें, गोड यांपासून एखादा दिवस पोटास विसांवा मिळाला, तर बरेंच वाटतें. परंतु आपली एकादशी ‘दुप्पट खाशी’ होऊन बसली आहे. साबूदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचें पिष्ट. त्यांत दाण्याचें कूट आणि तूप पडलें म्हणजे विसांवा कसला? भगरीविषयींही सावध असावें. जुन्या, दमट भगरीस अगर तिच्या पिठास बुरशी येऊन विषबाधा झाल्याच्या वार्ता नवरात्रांत व महाशिवरात्रीस मराठवाड्यांतूनच येतात. अखंड, बंद पाकिटांतली भगर आणावी, निवडून घरीं दळावी आणि शिळी खाऊं नये.

आमच्या घरीं आतां ठरलें तें असें. लंघन एक दिवस, फार तर दोन. चहा दोन-तीन दिवस आधींपासून कमी करावा, नाहींतर डोकें दुखतें. आदल्या रात्रीं लवकर, मऊ मुगाची खिचडी. त्या दिवशीं पुरेसें पाणी, सैंधव घातलेलें पातळ ताक, मुगाचें कढण, तांदळाची पेज, एखादें फळ. चालावें, पण कष्टाचें काम करूं नये. पारण्यास पुरणपोळी नव्हे. शास्त्रांतील संसर्जनक्रमाप्रमाणें आधीं पेज, मग मऊ भात, मग नित्याचें जेवण. भोंवळ, धडधड अथवा भ्रम वाटल्यास उपवास तत्काळ सोडावा.

गर्भवती, अंगावर पाजणारी माता, वाढतीं मुलें, कृश वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रोगी यांनीं या वाटेस जाऊं नये. इन्शुलिन अथवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस आधीं विचारावें. औषधाची मात्रा आपल्या मनानें बदलूं नये.

आणखी एक गोष्ट. एकत्र कुटुंबांत उपवास करणारी बाईच त्या दिवशीं इतरांसाठीं दोन वेळां स्वयंपाक करते. पोटास विसांवा आणि पाठीस दुप्पट भार, हें लंघन नव्हे. त्या दिवशीं चूल दुसऱ्या कोणी पेटवावी. पुरुषांच्या हातीं डाव आल्यानें व्रतभंग होत नाहीं.

सुनेनें पुडी टाकून दिली. मीही यंदा आषाढीस दर्शनास जाणार, पण डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें खाऊन, आणि खिशांत खडीसाखर ठेवून. विठ्ठल रागावेल, असें मला वाटत नाहीं.