नवं हृदय आणि पीटीचा तास

हृदय प्रत्यारोपण झालेल्या मुलांना पीटीच्या तासाला वर्गातच बसवावं, असं गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं. काळजी खरी, उपाय चुकीचा.

शस्त्रक्रियेत हृदयाकडे जाणारे चेतातंतू कापले जातात. मेंदूचा थेट निरोप थांबतो. म्हणून हे हृदय आरामातही मिनिटाला ९०-१०० ठोके देतं आणि मूल धावू लागलं, की रक्तातून येणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनची वाट पाहत सावकाश वेग घेतं. थांबल्यावरही लगेच शांत होत नाही. तळजाई टेकडीचा चढ एकदम नको तो यासाठी. आधी दहा मिनिटं सपाटीवर चालावं, शेवटी पुन्हा तसंच. नाडी मोजण्यापेक्षा चालताना बोलता येतंय का, ते पाहावं. शिवाय स्टेरॉइडनं हाडं आणि स्नायू कमजोर होतात. तिथं बसून राहणं अधिकच नडतं.

नवं हृदय किती साथ देतं, याची उदाहरणं आहेत. ऑगस्ट २०१५मध्ये पुण्याहून मुंबईला गेलेल्या हृदयानं बदलापूरचा बावीस वर्षांचा तरुण वाचला. कॅनडाच्या ड्वाइट क्रोनिंग यांनी तर १९८६च्या प्रत्यारोपणानंतर २००८मध्ये आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली. (मुलांकडून तेवढी अपेक्षा कुणाचीच नाही!)

छातीचं हाड सांधेपर्यंत वजन उचलू नये, व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा, हे मान्य. पण हाड काही महिन्यांत सांधतं. पत्रलेखक दहावीपर्यंतची सुट्टी सुचवतात.

— एक वाचक, बिबवेवाडी