शेवटचे तेरा किलोमीटर

मुंबई-श्रीनगर विमानाचं तिकीट स्वस्तात मिळावं म्हणून आपण दोन-दोन महिने आधीपासून डोळ्यांत तेल घालून बसतो. मंगळवारचं बघतो, बुधवारचं बघतो, पहाटे निघालो तरी चालेल म्हणतो. मग श्रीनगरला उतरतो, थंडीने कुडकुडत बाहेर येतो आणि समोर येईल त्या गाडीत सामान टाकून मोकळे होतो. तिकिटात वाचवलेले पैसे तासाभरात खर्ची पडतात. गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींच्या बाबतीत हे दर हिवाळ्यात घडताना पाहते, म्हणून आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

स्कीइंग हा श्रीमंतांचा खेळ, असा आपल्याकडे पक्का समज आहे. युरोपच्या बाबतीत तो बराचसा खरा असेल, गुलमर्गच्या बाबतीत मात्र तो खरा असायचं कारण नाही. तिथे १९६८ साली केंद्र सरकारने स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था सुरू केली. पहलगामची जवाहर गिर्यारोहण संस्थाही स्कीइंगचे वर्ग घेते. बूट, स्की, काठ्या सगळं भाड्याने मिळतं. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा गुलमर्गच्या उतारांवर होऊ लागल्या आहेत. सह्याद्रीत गड चढून पाय तयार झालेल्या नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या मुलीला हा खेळ सहज जमू शकतो. तिची पंचाईत होते ती विमानतळाच्या दारापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत. कारण या टप्प्याची नीट माहिती कुणी देत नाही. जो देतो, त्याला बहुधा अख्खी गाडी विकायची असते.

आधी नकाशा डोक्यात बसवू. श्रीनगरचा विमानतळ बडगाम जिल्ह्यात आहे, शहराच्या बाहेर. तिथून गुलमर्ग ५०-५५ किलोमीटर. शहरातून निघालं तर परिमपोरा, नारबल, मागाम, कुंझर, टंगमर्ग आणि मग गुलमर्ग असा रस्ता. विमानतळावरून शहरात न शिरता बडगाममार्गेही मागामला निघता येतं. टंगमर्गपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सपाट, वस्तीचा, बाजारपेठांचा. तिथून पुढचे १३ किलोमीटर चढाचे, देवदारांच्या जंगलातून वळणं घेत २६५० मीटर उंचीवरच्या गुलमर्गला पोचवणारे. खर्चाच्या दृष्टीने हा एक प्रवास नाही, तीन आहेत: विमानतळ ते शहर, शहर ते टंगमर्ग, टंगमर्ग ते गुलमर्ग. तिन्हींचे पैसे एकाच माणसाच्या हातात एकदम दिले की महाग पडतं. वेगवेगळे केले की बरेच वाचतात.

पहिला टप्पा सोपा आहे. विमानतळावर प्रीपेड टॅक्सीचं काउंटर आहे आणि तिथे ठिकाणवार दर लिहिलेले असतात. तो फलक नीट वाचा, मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. बाहेर कुणी काही आकडा सांगितला तर घासाघीस करायची गरज उरत नाही, फोटो दाखवला की पुरतं. शहरात जायला राज्य परिवहनच्या बसची चौकशी करा. ती मिळाली तर लाल चौकाजवळच्या टूरिस्ट रिसेप्शन सेंटरपर्यंत अगदी थोडक्यात काम होतं. एक गोष्ट मात्र घरून निघण्याआधीच करायला हवी. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. चौघांच्या गटात एकाकडे तरी पोस्टपेड हवंच. नाहीतर हॉटेलवाल्याला फोन लागत नाही, ठरवलेला ड्रायव्हर सापडत नाही आणि माणूस घाबरून मिळेल ती गाडी करतो.

दुसऱ्या टप्प्यावर काश्मिरी माणूस रोज जातो तसं जायचं. बटमालू-परिमपोरा भागातून टंगमर्गकडे शेअर सुमो निघतात. शिक्षक, दुकानदार, दवाखान्यात आलेली म्हातारी माणसं त्यांतूनच घरी परततात. गाडी भरली की निघते. अख्ख्या गाडीचं भाडं हजारांत जातं, तिथे या सुमोतली सीट शेकड्यांत मिळते. सामान टपावर चढतं, म्हणून मोठी चाकांची बॅग नको, पाठीवरची सॅक हवी. सॅकला वरून प्लॅस्टिकचं कव्हर घाला, कारण टपावर बर्फही पडतो. सकाळी निघालेलं उत्तम. हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच अंधार पडतो आणि २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांत, ज्याला तिथे चिल्लई कलां म्हणतात, दुपार कलली की रस्त्यावर बर्फाचा कडक थर धरायला लागतो. विमान दुपारनंतर उतरणार असेल तर त्या दिवशी गुलमर्ग गाठायचा हट्ट नको. श्रीनगरात मुक्काम करा. तिथली खोली गुलमर्गच्या खोलीपेक्षा बरीच स्वस्त असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळची सुमो आरामात मिळते.

खरा प्रश्न तिसऱ्या टप्प्याचा आहे. बर्फ पडला की टंगमर्गच्या वर साध्या गाडीला सोडत नाहीत. चाकांना चेन हवी किंवा गाडी फोर बाय फोर हवी. खालून आलेली बहुतेक वाहनं टंगमर्गला थांबतात आणि पुढे स्थानिक युनियनची गाडी घ्यावी लागते. कित्येक पर्यटकांना इथे आपल्याला लुबाडलं जातंय असं वाटतं आणि बाचाबाची सुरू होते. त्यांनी पाच मिनिटं बाजूला उभं राहून ड्रायव्हर काय करतो ते पाहावं. तो लोखंडी साखळीचं जाळं बर्फावर आडवं पसरतो, गाडी हातभर पुढे घेऊन चाक बरोबर त्यावर आणतो, मग गुडघे बर्फात टेकून उघड्या बोटांनी आतल्या बाजूची कडी शोधतो. ती लागली की बाहेरची. मग साखळी ताणून पाहतो, पुन्हा थोडी गाडी हलवतो, पुन्हा ताणतो. असं प्रत्येक चाकाला. हातमोजे घालून हे काम होत नाही. मधूनच फेरनच्या, म्हणजे लांब झग्याच्या, आत हात घालून कांगडीवर, निखाऱ्यांच्या टोपलीवर, बोटं शेकतो आणि पुढच्या चाकाकडे वळतो. वर वळणावर एका बाजूला दरी असते आणि समोरून दुसरी गाडी उतरत असते, तेव्हा आपला जीव त्या कडीवर टांगलेला असतो. टंगमर्गचा गाडीबदल ही सुरक्षेची व्यवस्था आहे. या लोकांचा खरा हंगाम बर्फाचे हे मोजके महिने, आणि त्यांच्या कामाचे पैसे मिळायलाच हवेत.

तक्रार गाडीबदलाबद्दल नाही, दर आधी न सांगण्याबद्दल आहे. विमानतळावरून ‘गुलमर्ग’ म्हणून पैसे घेतले जातात, टंगमर्गला उतरवलं जातं आणि वरचे १३ किलोमीटर वेगळे. ते भाडं तिथेच, थंडीत, सामान रस्त्यावर ठेवून ठरतं. त्या क्षणी घासाघीस करायचं बळ कुणातच नसतं. म्हणून गाडीत बसण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, शक्य असेल तर उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. हे भाडं टंगमर्गपर्यंत की गुलमर्गपर्यंत? बर्फ असला तर चेनवाल्या गाडीचे पैसे यात धरलेत का? आणि वर पोचल्यावर गाडी स्टँडवर सोडणार की हॉटेलपर्यंत नेणार? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. गुलमर्ग बशीसारखं पसरलेलं आहे. स्टँड एकीकडे, गोंडोला म्हणजे दोरीवरचा पाळणा दुसरीकडे, हॉटेलं चारी बाजूंना. बर्फात सामान स्लेजवरून ओढून न्यावं लागलं तर त्याचे पैसे निराळे होतात.

टंगमर्गला आणखी एक सांभाळायचं. गाडी एखाद्या दुकानापुढे थांबते आणि गमबूट, जाड कोट भाड्याने घ्या असा आग्रह होतो. दिवसभर बर्फात खेळून परतणाऱ्यांना ते ठीक आहे. स्कीइंगला जाणाऱ्याला गमबुटांचा उपयोग नाही, त्याला स्कीचे बूट वर गुलमर्गमध्ये स्कीबरोबरच मिळतात. नम्रपणे नाही म्हणावं आणि पुढच्या गाडीकडे वळावं. तिथे आणखी तीन-चार जण आपल्यासारखेच उभे असतात. त्यांना विचारा. एका गाडीचं भाडं सहा जणांत वाटलं की महागडा वाटणारा टप्पा एकदम आवाक्यात येतो. मराठी माणूस परक्या ठिकाणी अनोळखी माणसाशी बोलायला संकोचतो, पण इथे तो संकोच बाजूला ठेवावा.

शेवटच्या टप्प्यावर गाडी बदलावी लागणं आपल्याला नवं नाही. माथेरानला जाताना नेरळला उतरतो, सीटवर पैसे देऊन शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जातो आणि पुढे टॅक्सी जातच नाही. याबद्दल कुणी रागावत नाही, कारण नेरळला सीटचा दर सगळ्यांना ठाऊक असतो. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटलाही पेट्रोलची मोटार जात नाही. पाच किलोमीटर अलीकडे टॅश नावाच्या गावात ती ठेवावी लागते आणि पुढे बारा मिनिटांची रेल्वे. जिनिव्हा विमानतळाच्या स्थानकावरच थेट झरमॅटपर्यंतचं तिकीट मिळतं. तो देश स्वस्त नाही, पण पुढे किती लागणार हे प्रवाशाला घरी बसून कळतं आणि तेवढे पैसे तो साठवू शकतो.

टंगमर्गला हेच व्हायला हवं, आणि त्यासाठी अब्जावधींचा प्रकल्प लागत नाही. हिवाळ्यात विमानांच्या वेळा पाहून विमानतळ ते टंगमर्ग अशा थोड्या बस राज्य परिवहनने सोडाव्यात. टंगमर्गहून वर स्थानिक युनियनच्याच चेनवाल्या गाड्या सीटच्या दराने धावाव्यात. दराचा फलक टंगमर्गच्या स्टँडवर लागावा आणि तोच विमानतळावर, तोच पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर. ड्रायव्हरचा धंदा बुडत नाही, उलट सीटच्या दरामुळे एकटादुकटा प्रवासीही वर येऊ शकतो. आज असा प्रवासी अख्ख्या गाडीचं भाडं ऐकून बेतच रद्द करतो. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन मिळतात, पहिल्या टप्प्याची वेगळी, अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंतच्या दुसऱ्या टप्प्याची वेगळी. जवळपास ४००० मीटर उंचीवर नेणाऱ्या पाळण्याचा दर घरबसल्या कळतो, तर त्याच्या पायथ्यापर्यंतचा का कळू नये?

परतीचा हिशोब वेगळा करावा. श्रीनगर विमानतळाची तपासणी मुख्य इमारतीच्या बरीच अलीकडे, बाहेरच्या फाटकापासून सुरू होते. तिथे गाडीतून उतरून सगळं सामान यंत्रातून काढावं लागतं. रात्री बर्फ पडला तर गुलमर्गचा रस्ता साफ होईपर्यंत थांबणं आलं. विमान चुकेल या धास्तीने लोक मागेल ते भाडं देऊन पहाटे निघतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारीच खाली यावं आणि शेवटची रात्र श्रीनगरात काढावी. एका रात्रीच्या साध्या खोलीचे पैसे घाईच्या गाडीपेक्षा कमी पडतात. धुक्याने किंवा बर्फाने विमानंच रद्द झाली तर आता रेल्वेचा आधार आहे. जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, आणि कटऱ्याहून वांद्र्याला स्वराज एक्स्प्रेस येते, जम्मूहून पुण्याला झेलम. ज्यांच्याकडे पैसे कमी आणि दिवस जास्त आहेत त्यांनी जातानाही हा मार्ग विचारात घ्यावा.

२२ एप्रिल २०२५ला पहलगामच्या बैसरनमध्ये दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. डोंबिवली, पुणे, पनवेलमधली ती घरं आपण विसरू शकत नाही. कुणी काश्मीरला जायचं नाही असं ठरवलं असेल तर त्याला मी आग्रह करणार नाही. जे जाणार आहेत त्यांनी कुठली ठिकाणं खुली आहेत याची ताजी माहिती सरकारी सूचनांतून घ्यावी, आणि स्थानिकांच्या रोजच्या रहदारीच्या रस्त्याने, दिवसाउजेडी प्रवास करावा.

गुलमर्गला किती खर्च येतो, असं मला मुलं विचारतात. माझं उत्तर एवढंच असतं: विमानाच्या तिकिटाची जेवढी चौकशी करता, तेवढीच त्या तेरा किलोमीटरची करा. गट करून जा, सीटने जा, सकाळी जा. आणि परत आल्यावर टंगमर्गला किती पैसे दिले ते पुढच्याला सांगा. सरकारी फलक लागेपर्यंत दर जाहीर ठेवण्याचं काम आपण प्रवाशांनीच करायचं आहे.