उतारा मागणे म्हणजे अविश्वास नव्हे

अमेरिकेत घर घेताना आपण सगळ्यांनी एक काम केले आहे, स्वतः नाही तर वकिलामार्फत. व्यवहार होण्याआधी काउंटीच्या दप्तरात त्या जागेचा शोध घेतला: आधीचे मालक कोण, कोणी कोणाला विकली, कर्ज कोणाचे होते, ते फिटल्याची नोंद झाली का. विकणाऱ्याने याबद्दल राग धरला नाही. तिथे विकणाऱ्याच्या नावाने एक सूची असते, घेणाऱ्याच्या नावाने दुसरी. नाव आणि वर्ष माहीत असले की खरेदीखत सापडते, फी भरली की शिक्क्याची नक्कल हातात पडते.

हीच आपण माणसे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीच्या वडिलोपार्जित शेताचा सातबारा काढायचा विषय निघाला की गप्प होतो. ‘दादा बघतो सगळं.’ ‘आता कागद मागितले तर त्याला काय वाटेल?’ ‘इतकी वर्षं तिकडं फिरकलो नाही, आता कुठल्या तोंडानं विचारायचं?’ इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक स्नेहभोजनात ही वाक्ये ऐकू येतात. माझे म्हणणे असे की या गप्प बसण्याने ना भावाचे भले होते ना आपले. गावचे कागद सार्वजनिक आहेत. ते उघडपणे, भावाला आणि बहिणीला सांगून, नियमाने पाहावेत.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे आणि जमिनीचे अभिलेख लोकांना पाहण्यासाठी खुले आहेत आणि जो अर्ज करील, फी भरील त्याला प्रमाणित नक्कल द्यायची आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ५७ खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र यांच्या सूचीबाबत तेच सांगते. वारस असल्याचा पुरावा आधी आणा, अशी अट तिथे नाही.

कोल्हापूरकरांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. आपल्या संस्थानात गावचे दप्तर पिढ्यान् पिढ्या कुलकर्ण्यांच्या घरात असे. कोणाच्या नावावर काय चढले आणि काय उतरले, हे एकाच घराण्याला ठाऊक. १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्या निर्णयाबद्दल जातीच्या अंगाने खूप बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याने दप्तर एका घराच्या माळ्यावरून सरकारच्या कपाटात आले, हीही लहान गोष्ट नाही. त्यानंतर शंभर वर्षांनी आपण स्वखुशीने घरातल्या एकाच माणसाला ‘दप्तर तूच सांभाळ’ म्हणत असू, तर आपण मागे चाललो आहोत.

आता प्रत्यक्ष कागदाकडे येऊ. जुना, हाताने लिहिलेला सातबारा समोर धरा. त्यावर कब्जेदाराचे नाव, आणि त्याच्यापुढे पुष्कळदा तीन अक्षरे असतात: ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आजोबा वारले, मुले चार, त्यातल्या थोरल्याचे नाव लागले आणि पुढे ही अक्षरे लिहिली गेली. ज्यांनी लिहिली त्यांच्या मनात पाप नव्हते. सोसायटीचे पीककर्ज काढायला आणि ऊस कारखान्याला घालायला एकच नाव सोयीचे होते. पण थोरला गेल्यावर त्याच्या वारसांची नावे चढतात, ती त्याच्याच मुलांची. बाकी तिघांचा उल्लेख त्या तीन अक्षरांपुरता होता आणि कोणत्यातरी नव्या फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीत, ती अक्षरेच गळतात. आमच्या घरच्या उताऱ्यावर हेच घडले होते. कोणी फसवले नव्हते. कोणी पाहिले नव्हते, एवढेच.

त्याच पानावर काही नावांना कंस केलेला दिसतो. कंस म्हणजे ते नाव कमी झाले. बाजूला एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर, आणि सगळी मेख त्या आकड्यात असते. सातबारा फक्त आजची स्थिती सांगतो. ती कशामुळे झाली हे गाव नमुना ६ मधला फेरफार सांगतो. वारसाने, वाटपाने, खरेदीने की हक्कसोडपत्राने? नोंद कोणत्या तारखेला धरली, नोटीस कोणाकोणाला बजावली, मंडळ अधिकाऱ्याने कधी मंजूर केली? शोध करायचा तर आजच्या उताऱ्यापासून एकेका फेरफाराच्या नंबराने मागे मागे जायचे. दुसरा रस्ता नाही.

हे काम आता बरेचसे परदेशात बसून होते. विनास्वाक्षरीचा उतारा शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ आणि फेरफार पंधरा रुपयांना मिळतात, आणि ते सरकारी कामाला चालतात. संकेतस्थळावरच्या नोंदणीसाठी भारतातल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून गावातल्या घरच्या माणसाला बरोबर घेऊनच हे करावे. माझ्या मते ते चांगलेच आहे. दस्तांची सूची, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रासाठी २००२ पासूनची दिसते. त्याआधीचे दस्त हवे असतील तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत शोध घ्यावा लागतो. तो वकिलाकडून करवून घ्यावा आणि सर्च रिपोर्ट लेखी मागावा.

जुन्या कागदांसाठी मात्र माणूस पाठवावाच लागतो. कोडोलीचे तहसील पन्हाळा. तिथल्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा. अर्ज करताना आपली माणसे नेहमी एक चूक करतात: ‘आमच्या शेताचे सगळे जुने कागद द्यावेत’ असे लिहितात. असा अर्ज फिरत राहतो. गावाचे नाव, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, फेरफाराचा नंबर, वर्षे कोणती आणि प्रती किती, एवढे लिहिले की कारकुनाला नेमके कोणते बाड काढायचे ते कळते. जुना सर्व्हे नंबर माहीत नसेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढावा. कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला ते त्यात असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नये. पोच नसेल तर पुढे दाद मागायला आधारच उरत नाही.

उत्तरच आले नाही तर माहिती अधिकार आहे: दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत, पुढे अपील. पण २००५ चा हा कायदा भारतीय नागरिकांसाठी आहे. ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले त्यांनी ओसीआय कार्डावर हा अर्ज करू नये; नागरिक असलेल्या भावाबहिणीच्या नावाने करावा. साध्या नकलेच्या अर्जाला मात्र नागरिकत्व आड येत नाही. नागरिकत्व बदलले म्हणून वारसाही जात नाही. शेतजमीन आपल्याला विकत घेता येत नाही, आईवडिलांकडून वारशाने आलेली ठेवता येते. हा फरक माहीत नसल्यामुळे कित्येकांनी आपले नाव लावून घेण्याचा विचारच सोडून दिला आहे.

१९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीचा माग काढायचा तर मोडी वाचणारा माणूस लागतो आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराची पायरी चढावी लागते. कोडोलीचे काही कागद तर इथे अमेरिकेतच आहेत. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कोडोलीत केंद्र होते, दवाखाना होता. त्या मिशनचे दप्तर फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत जतन केलेले आहे. ज्यांची घरे मिशनशी जोडलेली होती, त्यांनी तिथे जरूर चौकशी करावी.

सगळ्यात जास्त मला बोलायचे आहे ते बहिणींबद्दल. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला. वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये नक्की केले. तरी परदेशातल्या बहिणीला एक दिवस फोन येतो: ‘ताई, कागद पाठवतोय, कॉन्सुलेटमध्ये जाऊन सही करून दे.’ मुखत्यारपत्राने हक्कसोड. ताई सही करते. आनंदाने करायची असेल तर जरूर करावी, माहेर त्याहून मोठे असते. पण आपण किती एकर सोडतो आहोत, त्यावर बोजा आहे का, हे उताऱ्यावर पाहून करावी. न पाहता केलेल्या सहीला त्याग म्हणणे मला पटत नाही.

गावी राहिलेल्या भावाची बाजू मी हलकी मानत नाही. त्याने विहीर खणली, आईवडिलांचे आजारपण काढले, भाऊबंदकीशी बांधावर तोच भांडला. आपण वर्षादोन वर्षांनी येतो आणि कागद मागतो, हे त्याला टोचणारच. म्हणूनच गुपचूप, एजंट लावून काढलेला उतारा सगळ्यात वाईट. गावात ते चार दिवसांत कळते आणि मग खरोखरच मने फाटतात. त्याच्याशी आधी बोला, काढलेली प्रत्येक नक्कल त्यालाही द्या. कागद नीट असण्याची गरज आपल्यापेक्षा त्याला जास्त आहे. रस्त्यासाठी जमीन गेली तर भरपाईची नोटीस उताऱ्यावरच्या नावांना येते, आणि मयत वडिलांच्या नावावर त्याला कर्ज मिळत नाही. सातबाऱ्याने मालकी सिद्ध होत नाही हे खरे, पण त्यावरची नोंद चुकीची ठरेपर्यंत खरी धरली जाते आणि ती चुकीची ठरवायला वर्षे जातात.

तंत्राची अडचण आता सांगू नये. १९९८ मध्ये आपल्याच वारणा परिसरातल्या सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला, तेव्हा गावात बसून संगणकावर माहिती मिळावी हाच त्याचा हेतू होता. देशाने ज्या परिसरात हा प्रयोग करून पाहिला, तिथल्या आपण माणसांनी आज फोनवर सातबारा उघडायला कचरू नये.

आणि हे काम लांबणीवर टाकू नये असे विशेष कारण आहे. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावण्याची ही मोहीम आहे, आणि तिची फार गरज होती. पण वारस कोण हे गावात विचारून ठरते. त्या वेळी न्यू जर्सीतल्या मुलाचे किंवा टोरांटोतल्या मुलीचे नाव कोणी सांगितले नाही, तर ते लागणार नाही. ज्यांच्या घरी आईवडिलांपैकी कोणी गेले आहे, त्यांनी वारस नोंद झाली का, आणि त्यात सगळी भावंडे आहेत का, हे फेरफार काढून पाहावे. नाव राहिले असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याचे कारण पटवून द्यावे लागते.

मंडळाला माझी विनंती आहे की दिवाळीच्या कार्यक्रमाआधी एक दुपार या कामाला द्यावी. मोडी वाचता येणारे दोघे-तिघे आपल्यात आहेत, महसूल खात्यात नोकरी केलेले एक काका आहेत. त्यांना बसवावे, ज्याने त्याने आपापला गट नंबर घेऊन यावे. तोवर प्रत्येकाने एवढे करावे: ‘आपली चावडी’ हे शासनाचे संकेतस्थळ उघडून आपल्या गावाचे नाव टाकावे. प्रलंबित फेरफाराच्या नोटिसा तिथे कोणालाही दिसतात, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात.