भट्टी विझली, प्रश्न धगधगताच

१९ सप्टेंबर १९७७ हा दिवस अमेरिकेतील ओहायो राज्याच्या यंगस्टाऊन शहरात आजही 'काळा सोमवार' म्हणून ओळखला जातो. 'यंगस्टाऊन शीट अँड ट्यूब' कंपनीने त्या दिवशी कॅम्पबेल येथील पोलाद कारखान्याचा मोठा भाग बंद करण्याची घोषणा केली आणि सुमारे ५,००० कामगारांच्या पोटावर पाय आला. १९०० साली गावातल्याच उद्योजकांनी उभारलेली ही कंपनी १९६९ मध्ये जहाजवाहतुकीतील 'लाइक्स' या परगावच्या समूहाच्या हाती गेली होती. नव्या मालकांनी जुन्या यंत्रसामग्रीकडे दुर्लक्ष केले, ही कामगारांची तक्रार होती. परदेशी पोलादाची स्पर्धा होतीच. परंतु स्पर्धेची तयारी करायची नाही आणि मग तिच्याकडे बोट दाखवायचे, याला उद्योगनीती म्हणत नाहीत.

महोनिंग नदीच्या काठी पसरलेल्या या कारखान्यांभोवती स्लोव्हाक, इटालियन, पोलिश, कृष्णवर्णीय अशी नाना कुळांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. ज्याची त्याची प्रार्थनास्थळे निराळी, पोट भरणारी भट्टी मात्र एकच. अर्थात ते दिवस सोन्याचे होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. धूर आणि अपघात पाचवीला पुजलेले होते, आणि कृष्णवर्णीयांना बढतीत न्याय मिळावा म्हणून १९७४ मध्ये या कंपनीसह नऊ पोलाद कंपन्यांना न्यायालयीन तडजोड स्वीकारावी लागली.

विशेष म्हणजे बंदीनंतर हे लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. विविध पंथांच्या धर्मगुरूंनी एकत्र येऊन कारखाना कामगार व नागरिकांच्या मालकीने पुन्हा सुरू करण्याची योजना आखली. त्यासाठी सामान्य कुटुंबांनी बँकांत खाती उघडून आपली बचत ठेवली. १९७९ मध्ये कार्टर सरकारने कर्जहमी नाकारली आणि योजना बारगळली.

पाठोपाठ 'यू. एस. स्टील'नेही तेथील आपले कारखाने मोडीत काढायचे ठरविले, तेव्हा कामगार न्यायालयात गेले. १९८० च्या सुनावणीत न्यायाधीश थॉमस लॅम्ब्रोस यांनी मूलगामी विचार मांडला : कंपनी आणि गाव इतकी वर्षे परस्परांच्या आधाराने वाढले असतील, तर त्या नात्यातून गावाचा काही मालकी हक्क निर्माण होत नाही काय? निकाल देताना मात्र, असा हक्क कायद्याने अद्याप मानलेला नाही, असे त्यांना नमूद करावे लागले. अपिलातही तेच कायम राहिले. भागधारकाच्या रुपयाला कायद्याची भाषा अवगत असते. तीन पिढ्यांच्या घामाला ती अजून यावयाची आहे.

१९३० मध्ये सुमारे १,७०,००० वस्ती असलेल्या या शहरात २०२० च्या जनगणनेत जेमतेम ६०,००० माणसे उरली. मायकेल ग्रेव्ह्‌ज या ख्यातनाम वास्तुशिल्पीने आराखडा केलेले उद्योग व श्रम यांचे संग्रहालय तेथे उभे राहिले. गावकऱ्यांनी मायेने 'जेनी' म्हटलेली ब्रायर हिलची जेनेट झोतभट्टी वाचवण्यासाठीही काही जण वर्षानुवर्षे झगडले. १९९७ मध्ये ती पाडली गेली.