अक्षर आधी, संगणक नंतर

मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यात रामाकोन्यासारख्या गावांत घरची भाषा मराठी आणि सरकारी व्यवहाराची हिंदी. लिपी दोहोंची देवनागरीच, त्यामुळे वरवर पाहता अडचण नाही. ती ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांपाशी सुरू होते. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. हिंदीचा ल दंडाचा, श गाठीचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी रूपे प्रमाण ठरवली, तरी संगणकावरचे अनेक टंक हिंदी रूपच उमटवतात.

हा तपशील किरकोळ वाटेल. परंतु माध्यमिक शाळेत ग्राफिक डिझाइन शिकवायचे, तर आरंभ इथूनच व्हावा. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला मुख्य विषयांच्या पंगतीत बसवले. गोव्यातही नववीला २०२४-२५पासून नवे धोरण लागू झाल्याने हा प्रश्न आपल्या दारातला आहे. आराखड्याच्या कलाविषयक उद्दिष्टांत मोकळी अभिव्यक्ती, कल्पनेने पर्याय शोधणे, तंत्र व प्रक्रिया समजणे आणि परिसरातील कलेची जाण यांवर भर आहे. एखादे सॉफ्टवेअर चालवता येणे हे त्यांतले उद्दिष्ट नव्हे. अभ्यासक्रम मात्र अनेकदा तिथूनच आखला जातो, कारण संगणक कक्ष पाहुण्यांना दाखवता येतो!

पहिल्या सत्रात बोरू, कागद आणि गावातल्या पाट्या पुरेशा आहेत. पांढुर्णा-सौंसर हा संत्र्यांचा पट्टा. तेव्हा संत्र्याच्या पेटीवरील चिठ्ठी हा उत्तम स्वाध्याय ठरेल. ती मराठी शेतकऱ्याला आणि हिंदी व्यापाऱ्याला, दोघांनाही दुरून वाचता आली पाहिजे. गुण अंतिम छापील प्रतीपेक्षा टाकून दिलेल्या कच्च्या आराखड्यांना अधिक असावेत. पर्याय शोधल्याचा पुरावा तिथेच सापडतो.

सॉफ्टवेअर आले नाही तर नोकरी कशी मिळेल, ही पालकांची शंका रास्त आहे. ते शिकवावेच, पण दुसऱ्या सत्रात. विंडोजमधला ‘मंगल’ टंक साकारणारे र. कृ. जोशी मुळात सुलेखनकार होते.

खरी कसोटी परीक्षकाची आहे. रामाकोन्याच्या विद्यार्थ्याने चिठ्ठीवर पाकळीचा ल काढला, तर हिंदी वळणाचा परीक्षक ती चूक धरील काय? मूल्यमापनाच्या तक्त्यात याचे उत्तर आधीच लिहिलेले असावे: दोन्ही रूपे ग्राह्य, मात्र निवडीचे कारण विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे.