डबा केव्हा बंद करावा?

बाळाच्या दुधावरून घरोघरी जितका वाद होतो तितका त्याच्या नावावरूनही होत नसेल. नावाचा वाद बारशाच्या दिवशी मिटतो. दुधाचा वाद मात्र बाळ चालू लागले तरी मिटत नाही. या महिन्यात आमच्याकडे याच विषयाची दोन पत्रे एकत्र आली, आणि दोन्ही पत्रे परस्परांच्या अगदी उलट दिशेची असल्याने त्यांचा विचार एकत्रच करावा असे आम्ही ठरविले.

पहिले पत्र एका आजींचे आहे. नातू सात महिन्यांचा. सूनबाई नोकरीवर रुजू झाल्या तेव्हापासून बाळ डब्याच्या दुधावर आहे. गवळी रोज सकाळी दारात येतो, गाईचे ताजे दूध मिळते; मग महिन्याकाठी एवढे पैसे डब्यांवर का घालवावेत, असा आजींचा प्रश्न आहे. "आमची चार मुले गाईच्या दुधावरच वाढली," असेही त्या लिहितात. दुसरे पत्र एका मातेचे. मुलगी अडीच वर्षांची. अजूनही डब्याचेच दूध, तेही दिवसाला चार बाटल्या. जेवायला बसविले की तोंड फिरविते. डबा बंद केला तर पोषण कमी पडेल, या भीतीने त्या माउलीला धीर होत नाही.

एका घरी घाई आहे आणि दुसऱ्या घरी उशीर. आम्ही वैद्य नाही, मराठीचे शिक्षक आहोत. परंतु बालरोगतज्ज्ञांचे या बाबतीतील म्हणणे वाचून, विचारून जे समजले ते साध्या शब्दांत मांडता येईल.

आधी डब्याच्या दुधासंबंधीचा एक गैरसमज दूर करावयास हवा. डब्यातले दूध म्हणजे काही रासायनिक पूड नव्हे. बहुतेक डब्यांतील दूध मुळात जनावराचेच असते. आम्हां वडोदरेकरांना हे वेगळे सांगावयास नको, कारण या गोष्टीचा इतिहास आपल्या शेजारी, आणंदला घडला. खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ १९४६ साली स्थापन झाला. त्या काळी म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असत. हरिचंद मेघा दलाया या अभियंत्याने ती करून दाखविली, आणि १९५५ साली आणंदला पावडरचा कारखाना उभा राहिला. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालकांचा आहार तयार करण्याची पद्धत बसविली आणि १९६० च्या सुमारास तोही आणंदला तयार होऊ लागला.

येथे विचारण्याजोगा प्रश्न असा की, दूध दारात असताना शास्त्रज्ञांना एवढा खटाटोप का करावा लागला? कारण वासराला जे मानवते ते मानवाच्या बाळाला जसेच्या तसे मानवत नाही. आईच्या दुधात शंभर मिलिलिटरला प्रथिने सुमारे एक ग्रॅम असतात. गाईच्या दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास आणि म्हशीच्या दुधात त्याहूनही अधिक. वासरू काही महिन्यांत केवढे वाढते, हे ज्याने गोठा पाहिला आहे त्याला ठाऊक आहे. त्याला एवढी प्रथिने आणि एवढे क्षार हवेच असतात. आपल्या बाळाची कोवळी मूत्रपिंडे मात्र हा भार सहज उचलू शकत नाहीत. डब्याचे दूध तयार करताना हा भार कमी केलेला असतो आणि जीवनसत्त्वे व लोह वरून घातलेले असते.

या सर्वांत लोहाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्ण दिवसांचे बाळ आईच्या पोटातूनच लोहाचा साठा घेऊन येते. तो साठा साधारण चार ते सहा महिने पुरतो. त्यानंतर लोह आहारातून यावयास हवे, आणि गाईच्या दुधात ते जवळजवळ नसतेच: लिटरभर दुधात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय दुधातील कॅल्शियम व केसीन हे प्रथिन इतर अन्नातले लोहही अंगी लागू देत नाहीत. वर्षाच्या आतील काही बाळांच्या आतड्यांतून तर गाईच्या दुधामुळे डोळ्यांना दिसणार नाही इतका सूक्ष्म रक्तस्राव होत राहतो. म्हणजे आवक थोडी, तिलाही अडथळा, आणि वर गळती. बाळ गुटगुटीत दिसते, वजन भरते, आणि रक्त मात्र फिके पडत जाते.

हा प्रश्न आपल्या घरापासून दूरचा नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. गुजरातेत हा आकडा ७९.७ टक्के होता. दुधाच्या नावाने ज्या प्रांताची जगात ख्याती, त्या प्रांतात दर पाच मुलांमागे जवळजवळ चार मुले रक्ताने फिकी! याला कारणे अनेक आहेत, सर्व दोष दुधाचा नाही. तथापि घरात दूध भरपूर असले म्हणजे मुलाचे पोषण झाले, हा आपला समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता आजींच्या प्रश्नाचे उत्तर. सहा महिन्यांच्या आत आईचे दूध, आणि ते शक्य नसेल तरच डब्याचे, गाईचे नको. बाळाची पहिली वर्षगाठ होईपर्यंत मुख्य पेय म्हणून गाईचे दूध देऊ नये, असा बहुतेक बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत, स्तनपान नसलेल्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला डब्याचे किंवा जनावराचे, दोहोंपैकी कोणतेही दूध चालेल, असे म्हटले आहे. या दोन मतांत आम्हांस मोठा विरोध दिसत नाही. डबा परवडतच नाही, अशी कोट्यवधी घरे जगात आहेत. त्यांना मार्ग हवा. अशा घरी उकळलेले दूध, सोबत लोहयुक्त अन्न आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाचे औषध, असे करता येते. डबा पुरवावा म्हणून पावडर कमी व पाणी जास्त घालणे हे त्याहून कितीतरी वाईट, कारण त्यात बाळ उपाशी राहते. परंतु आजी, आपल्या घरी डबा परवडतो आहे. तेव्हा आणखी पाच महिने तो चालू द्यावा. वरणभातात, खिरीत थोडे दूध पडले तर बिघडत नाही. ते पोटभर प्यावयास देणे मात्र वर्षानंतर.

"आमची मुले वाढलीच की," हे आजींचे म्हणणे खोटे नाही. वाग्भटानेही अष्टांगहृदयात आईचे दूध नसेल तर शेळीचे वा गाईचे द्यावे, असे सांगितले आहे. पण 'नसेल तर' हे शब्द विसरता येत नाहीत. तो अडचणीतला मार्ग होता. त्या काळी दुसरा नव्हताच. आणि वाढली ती मुले आपण मोजतो. १९७१ साली या देशात हजार जन्मांमागे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. त्या मृत्यूंचे खापर दुधावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु जुने ते सर्व निर्धोक होते, असेही म्हणता येत नाही.

आता दुसऱ्या पत्राकडे वळू. डब्यांवर एक, दोन, तीन, चार असे आकडे असतात. ते पाहून पुष्कळ मातांचा असा समज होतो की, शाळेत जशी पहिलीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर तिसरी, तसे हे सर्व डबे क्रमाने पूर्ण करावयाचेच असतात. तसे मुळीच नाही. एक वर्षानंतर निरोगी मुलाला डब्याची गरज उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची तीच मार्गदर्शिका एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी असे डबे सुचवीत नाही, साधे जनावराचे दूध पुरेसे मानते. आपल्या देशात तर १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करण्यास बंदी आहे. ज्या मालाची जाहिरात करण्यासही सरकार मनाई करते, त्याच्यावाचून मूल अशक्त राहील ही भीती मातांनी मनातून काढून टाकावी.

परंतु डबा बंद केला आणि त्याच चार बाटल्या गाईच्या दुधाने भरल्या, तर काहीच साधले नाही. उलट डब्यात लोह तरी होते. एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची लोहाची गरज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली ८ मिलिग्रॅम सांगितली आहे; वर दिलेला लिटरमागचा हिशोब वाचकांनी त्याच्याशी ताडून पाहावा. म्हणून वर्षानंतर दूध हे जेवण नसून जेवणाचा एक भाग आहे, ही खूणगाठ बांधावी. दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरे. मुलगी जेवत नाही म्हणून दूध देतो, असे त्या माता लिहितात. आम्हांस वाटते, दूध पिते म्हणून ती जेवत नसावी. भूक लागू द्यावी. आधी वरणभात, मुगाची खिचडी, शेवग्याच्या किंवा मेथीच्या पाल्याचा मऊ थालीपीठ, घरात चालत असेल तर अंडे किंवा मासळी, वर लिंबाचे चार थेंब, कारण लिंबामुळे लोह अंगी लागते. आणि दूध त्यानंतर काही वेळाने, पेल्यातून.

बदल कसा करावा, तेही सांगतो. एकदम सर्व बदलू नये. आधी दिवसातली एक वेळ गाईच्या दुधाची करावी, दोन-तीन दिवसांनी दुसरी. आठ-दहा दिवसांत डबा सुटतो. चव आवडत नसेल तर पाण्यात तयार केलेल्या डब्याच्या दुधात थोडे थोडे उकळलेले दूध मिसळून प्रमाण वाढवीत न्यावे. मात्र पाण्याऐवजी दुधातच पावडर कालविण्याची जी रीत काही घरांत आढळते ती सोडावी. असे घट्ट दूध बाळाला अपाय करते. वर्षानंतर दुधात पाणी घालण्याचे कारण नाही. म्हशीचे दूध जड जाते असे वाटल्यास तापवून निवल्यावर साय काढावी. पिशवीवर फुल क्रीम, टोन्ड, डबल टोन्ड असे जे छापलेले असते ते वाचावे. दोन वर्षांच्या आतील मुलाला डबल टोन्डसारखे निःसत्त्व दूध देऊ नये, कारण स्निग्धांश त्याला हवा असतो. गवळ्याचे दूध नीट उकळल्याशिवाय कधीच देऊ नये. चहासाठी मिळणारी दूध पावडर हा बाळाचा आहार नव्हे. आणि बाटली तोंडात धरून झोपण्याची सवय वर्षाच्या सुमारास मोडावी. तिने दात किडतात. आपल्याकडे पूर्वी वाटी-चमचा आणि बोंडले होतेच.

दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेली, वजनाने फार कमी असलेली किंवा दुधाने अंगावर पुरळ येणारी, उलट्या होणारी, शौचातून रक्त जाणारी बाळे यांच्यासाठी मात्र हे वेळापत्रक नाही. त्यांच्या बाबतीत डॉक्टरच सांगतील तसे करावे.

शाळा सांभाळणाऱ्याने दुधाची पंचाईत का करावी, असे कोणी विचारील. मूल सहाव्या वर्षी आमच्याकडे येते. काही मुले दुपारपर्यंतच पेंगू लागतात, पाठ केलेले टिकत नाही, खेळात लवकर दमतात. शिक्षक म्हणतात, लक्ष देत नाही. पालक म्हणतात, आळशी आहे. प्रत्येक मुलाचे कारण आम्हांस सांगता येणार नाही. पण पहिल्या दोन वर्षांत मेंदूची जी घडण होते तिला लोह लागते, आणि त्या वेळी राहिलेली उणीव पुढे औषधाने पूर्णपणे भरून निघेलच असे नाही, हे तज्ज्ञ सांगतात. पहिलीच्या वर्गात आम्ही खडू हाती घेतो तेव्हा ती वेळ निघून गेलेली असते. ती वेळ आजी आणि आई यांच्या हातची असते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध देण्याची सरकारी योजना आहे. आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताई घरी आल्या तर ती बाटली फडताळात न ठेवता, कसे द्यावयाचे ते विचारून घ्यावे. आणि सासूबाई व सूनबाई यांनी डब्यावरून भांडण्यापेक्षा एकदा दोघींनी मिळून बाळाला डॉक्टरांकडे न्यावे व त्याचे रक्त तपासून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.